फुकटातला स्मिथ, फुकटातला मिल: मोफत डिजिटल ग्रंथालयांची पारख

अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने ईस्ट इंडिया कंपनीची कशी सालटी काढली आहेत हे मुळातून वाचायचं म्हणून कोणी ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ची १७७६ सालची स्कॅन प्रत उतरवून घेतली, तर निम्मा माल त्याच्या हाती लागत नाही. चौथ्या भागात वसाहतींवरच्या प्रकरणात कंपनीवर टीका आहे, ती मिळते. पण पाचव्या भागात संयुक्त भांडवली कंपन्यांचा आणि त्यात ईस्ट इंडिया कंपनीचा जो सविस्तर पंचनामा आहे, तो स्मिथने १७८४च्या तिसऱ्या आवृत्तीत घातला. पहिली आवृत्ती म्हणजे सगळ्यात अस्सल, असं धरून गेलेला माणूस इथे फसतो आणि स्मिथने यावर फारसं लिहिलेलंच नाही असं ठोकून देतो.

ज्ञानेश्वरीतली ओवी सांगितली की आपल्याकडे समोरचा लगेच विचारतो, कुठली प्रत? राजवाडे प्रत की दुसरी? तोच माणूस जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचं वाक्य मात्र सर्चमध्ये वर आलेल्या पहिल्या पानावरून उचलतो. लोकहितवादींपासून आंबेडकरांपर्यंतच्या महाराष्ट्रावर पाश्चात्त्य राजकीय आणि आर्थिक विचारांचा प्रभाव शोधायचा, तर प्रतीचा प्रश्न टाळता येत नाही. कोणाच्या हातात कुठल्या साली कुठलं छापील पुस्तक पडू शकत होतं, यावर सगळा हिशोब उभा असतो. म्हणून खालच्या ग्रंथालयांना एकच कस लावला आहे: मजकूर कुठल्या आवृत्तीचा आहे हे ती सांगतात का, आणि सांगितलेलं पडताळता येतं का. पानं देखणी आहेत की नाहीत, ॲप आहे की नाही, हे नंतर. पैसे कुठेच पडत नाहीत.

लिबर्टी फंडची दोन दुकानं

ऑनलाइन लायब्ररी ऑफ लिबर्टी आणि इकॉनलिब ही दोन्ही संकेतस्थळं अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या लिबर्टी फंड या संस्थेची. संस्था उघडपणे मुक्त बाजाराच्या बाजूची आहे आणि ते लपवतही नाही. बोधचिन्ह म्हणून त्यांनी ‘स्वातंत्र्य’ या अर्थाचा सुमेरी लिपीतला शब्द घेतला आहे. ग्रंथांची निवड त्या बाजूला झुकलेली असणार हे धरूनच चालावं. पण संपादनाच्या बाबतीत या दोघांच्या जवळपास येणारं मोफत दुसरं काही नाही.

इकॉनलिबवरचा स्मिथ हा एडविन कॅननने १९०४ साली संपादित केलेला. त्याने आधाराला घेतली ती १७८९ची पाचवी आवृत्ती, स्मिथच्या हयातीतली शेवटची. कॅननच्या तळटिपा न वाचता पुढे जाऊ नये. कुठलं वाक्य कुठल्या आवृत्तीत बदललं, कुठला परिच्छेद नंतर आला, हे तो जागच्या जागी नोंदवतो. वर सांगितलेला कंपनीचा भाग १७८४ची भर आहे हेही तिथेच कळतं. शिवाय प्रत्येक परिच्छेदाला भाग, प्रकरण आणि परिच्छेद असा तीन आकडी क्रमांक आहे. संदर्भ देताना हा क्रमांक दिला की वाचणाऱ्याकडे कुठलीही छापील प्रत असो, त्याला जागा सापडते. पान क्रमांकाने ते होत नाही.

हाच कॅनन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आंबेडकरांचा शिक्षक होता. १९२३च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ला प्रस्तावना त्याचीच आहे, आणि शिष्याची काही मतं पटत नाहीत हे तो त्या प्रस्तावनेत सरळ लिहितो. तेव्हा आंबेडकर लंडनला शिकत असताना तिथल्या विद्यार्थ्यांच्या हातात असणारा स्मिथ बहुधा इकॉनलिबवर आहे तोच. प्रभाव शोधणाऱ्याला याहून सोयीची प्रत मिळायची नाही.

मिलसाठी मात्र लायब्ररी ऑफ लिबर्टी. टोरांटो विद्यापीठाने संपादित केलेला मिलचा ३३ खंडांचा संग्रह तिथे आहे. ‘प्रिन्सिपल्स ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडात येतं. १८४८ ते १८७१ या काळात मिलने या ग्रंथाच्या सात आवृत्त्या काढल्या आणि जवळजवळ प्रत्येक वेळी हात फिरवला. मालमत्ता आणि समाजवाद यांवरचा भाग १८४८ला एका सुरात आहे आणि १८५२च्या तिसऱ्या आवृत्तीत समाजवादाकडे बराच सहानुभूतीने वळलेला आहे. साल न सांगता उतारा दिला, तर मिल समाजवादाच्या बाजूचा होता हेही सिद्ध होतं आणि विरुद्धही. टोरांटोच्या प्रतीत हे सगळे पाठभेद पानाच्या तळाशी छापले आहेत.

अडचण वाचण्यात येते. पाठभेदांच्या खुणा म्हणून जी बारीक अक्षरं आहेत, ती ब्राउझरमधल्या मजकुरात शब्दांना चिकटतात. कॉपी करून पेस्ट केलं की भलतंच स्पेलिंग तयार होतं, आणि तो शब्द सर्चमध्येही सापडत नाही. उपाय साधा आहे. पुस्तकाच्या पानावर वेगवेगळ्या फॉरमॅटची यादी असते, त्यातून छापील पानांच्या फोटोंची पीडीएफ घ्यायची. फाइल जड असते, पण संदर्भ देताना पान क्रमांक खरा मिळतो. शोधायला वेबपान, उद्धृत करायला पीडीएफ. दोन्ही उघडी ठेवायची. घाई असेल तर इकॉनलिबवर ॲशलीने १९०९ साली संपादित केलेला मिल आहे. तो सातव्या आवृत्तीवर बेतलेला, महत्त्वाचे फेरफार नोंदवणारा आणि वाचायला सुटसुटीत आहे.

लायब्ररी ऑफ लिबर्टीवर एक सापळाही आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिलं, त्यात रिकार्डो-मिल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञांच्या परंपरेतली गृहीतकं इथल्या समाजाला लावण्याला त्यांचा आक्षेप होता, आणि त्यासाठी जर्मन ऐतिहासिक संप्रदायाचा (अर्थशास्त्राचे नियम देशकालानुसार बदलतात असं मानणाऱ्यांचा) आणि जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीड्रिख लिस्टचा आधार होता. लिस्टचा मूळ जर्मन ग्रंथ (इंग्रजीत ‘द नॅशनल सिस्टिम ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’) १८४१चा. सॅम्पसन लॉइडचं इंग्रजी भाषांतर १८८५चं, म्हणजे व्याख्यानाच्या सात वर्षं आधीचं. संकेतस्थळावर भाषांतर लॉइडचंच आहे, पण छापील प्रत १९०९ची, निकल्सनच्या प्रस्तावनेसह. रानडे १९०१ साली गेले. लिस्टचा मजकूर खुशाल जुळवून पाहावा, पण प्रस्तावनेतला मुद्दा रानड्यांनी उचलला असं चुकूनही लिहू नये. लॉइडच्या आधी, १८५६ साली, फिलाडेल्फियात मॅटिलचं भाषांतर निघालेलं होतं, हेही ध्यानात असू द्यावं. लिस्टचं एखादं वाक्य शब्दशः जुळत नसेल, तर आधी भाषांतर कुठलं ते बघायचं.

गुटेनबर्ग: शोधायला उत्तम, उद्धृत करायला नाही

प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या जुन्या फाइलींमध्ये बऱ्याचदा मूळ छापील आवृत्तीचा पत्ताच नसतो, पान क्रमांकही काढून टाकलेले असतात. आपल्या कसावर ग्रंथालय इथे नापास. पण मजकूर माणसांनी वाचून सुधारलेला असल्यामुळे शब्दशोध भरवशाचा चालतो, आणि फाइल इतकी हलकी की साध्या मोबाइलवरही उघडते.

याचा उपयोग कसा करायचा याचं एक उदाहरण. आंबेडकरांचे अमेरिकेतले गुरू, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचं १९१६चं ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ इथे आहे. ते उघडून ‘एन्डॉस्मॉसिस’ हा शब्द इंग्रजी स्पेलिंगने शोधा. सातव्या प्रकरणात सापडतो. मूळ शब्द जीवशास्त्रातला, पेशीच्या पडद्यातून द्रव आत झिरपण्याचा. ड्यूई तो समाजातल्या वर्गांमधल्या देवाणघेवाणीला लावतो. आता आंबेडकरांचं १९३६चं ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ उघडून तोच शब्द शोधा. आदर्श समाज कसा असावा हे सांगताना, बंधुतेच्या अगदी शेजारी, तो बसलेला आहे. तिथून थोडं पुढे लोकशाही म्हणजे मुळात एकत्र जगण्याची रीत या अर्थाचं वाक्य येतं, तेही ड्यूईच्याच शब्दांत. त्या वाक्याला अवतरणचिन्हं नाहीत. गुरूचं ऋण आंबेडकर याच भाषणात दुसरीकडे नाव घेऊन मान्य करतात. पाच मिनिटांचं हे काम मराठी भाषांतर वाचून होत नाही. भाषांतरकार या शब्दाला अभिसरण म्हणेल, कोणी देवाणघेवाण म्हणेल, आणि ड्यूईची खूण तिथेच पुसली जाते.

फुल्यांसाठी इथे थॉमस पेन आहे. चरित्रकार सांगतात की जोतिरावांनी ‘राइट्स ऑफ मॅन’ १८४७च्या सुमारास वाचलं. गुटेनबर्गवर कॉनवेने संपादित केलेले पेनचे चार खंड आहेत, त्यातला दुसरा घ्यायचा. पहिला भाग, १७९१चा, फ्रेंच क्रांतीवर टीका करणाऱ्या एडमंड बर्कला दिलेलं उत्तर आहे आणि फ्रान्समधल्या घडामोडींनी भरलेला आहे. बहुतेक वाचक तिथेच कंटाळून थांबतात. कर कोणावर बसतो, गरिबांना आणि म्हाताऱ्यांना सरकारने किती द्यावं, याचे आकडेवारीसह हिशोब १७९२च्या दुसऱ्या भागात पाचव्या प्रकरणात आहेत. ‘शेतकऱ्याचा असूड’ शेजारी ठेवून वाचायचं तर ते प्रकरण.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्सचं १९३६चं ‘जनरल थिअरी’ गुटेनबर्गवर का नाही, असा प्रश्न हमखास पडतो. अमेरिकेत त्या काळातल्या पुस्तकांवरचा हक्क छापल्यापासून ९५ वर्षं टिकतो. ऑस्ट्रेलियाच्या गुटेनबर्गवर ते मिळतं, तिथला नियम वेगळा. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि केन्स १९४६ला वारला, त्यामुळे इथल्या वाचकाला अडचण नाही.

मार्क्सिस्ट्स इंटरनेट आर्काइव्ह

स्वयंसेवकांनी चालवलेलं हे संकेतस्थळ दिसायला जुनाट, पण पानाच्या माथ्यावर किंवा तळाशी मूळ स्रोत लिहायची त्यांची शिस्त चांगली. ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडावर ते स्वच्छ सांगतात की मजकूर १८८७च्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीचा आहे, त्यात चौथ्या जर्मन आवृत्तीतले बदल दाखवून घेतले आहेत आणि काही स्पेलिंग नवीन केलं आहे. म्हणजे ही मिश्र प्रत झाली. वाचायला उत्तम, पण १८८७ सालचा वाचक नेमकं हेच वाचत होता असं म्हणता येणार नाही. प्रकरणांचे आकडे देतानाही जपावं. इंग्रजीत ३३ प्रकरणं आहेत आणि जर्मनमध्ये २५, त्यामुळे जर्मन परंपरेतल्या अभ्यासकाने दिलेला प्रकरण क्रमांक इथे लागत नाही.

हिंदुस्थानावरचे मार्क्सचे १८५३चे लेख इथे तारखांसह आहेत. न्यूयॉर्क डेली ट्रिब्यूनमध्ये पहिला २५ जूनला आला आणि ‘भावी परिणामां’वरचा ८ ऑगस्टला. लिहिल्याची तारीख वेगळी दिलेली असते, ती आणि छापल्याची तारीख यांत गल्लत करू नये. याहून मोठी गल्लत दुसरीच होते. १८५३ हे साल बघून हे लेख दादाभाईंच्या किंवा रानड्यांच्या नजरेखालून गेले असतील असं गृहीत धरलं जातं. त्याला काही आधार नाही. आपल्याकडे या लेखांची चर्चा सुरू झाली ती विसाव्या शतकात, साम्यवादी चळवळीबरोबर.

मार्क्स-एंगेल्सच्या संकलित वाङ्मयाचे दुवे जुन्या लेखांमधून मिळतात आणि उघडत नाहीत. त्यात बिघाड काही नाही. प्रकाशकाने हक्क सांगितल्यामुळे २०१४ साली तो मजकूर काढून टाकावा लागला. जुनी भाषांतरं शिल्लक आहेत.

इंटरनेट आर्काइव्ह: गोदाम

मोठं, अफाट आणि अव्यवस्थित. रानड्यांचे १८९८चे अर्थशास्त्रीय निबंध, त्याची १९०६ची मद्रास आवृत्ती, दादाभाईंचं १९०१चं ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल’, केन्सचं १९१३चं भारतीय चलनावरचं पुस्तक (आंबेडकरांनी ‘रुपी’मध्ये ज्याच्याशी वाद घातला ते) असं सगळं इथे स्कॅनरूपात आहे. आवृत्तीचा प्रश्नही इथे सुटतो, कारण मुखपान डोळ्यांनी दिसतं. पण यादीतल्या सालावर विसंबू नये. मुखपान आणि त्याची मागची बाजू उघडून पाहावी, मग शेवटच्या पानाचा आकडा अनुक्रमणिकेशी ताडून पाहावा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पातून आलेल्या स्कॅनमध्ये पानं गळालेली, दोनदा आलेली किंवा कडेला कापली गेलेली असतात. अशा फाइलींच्या ओळखक्रमांकात ‘डीएलआय’ ही अक्षरं असतात, त्यावरून ओळखता येतात. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन प्रती वर असतील तर कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आलेली प्रत आधी बघायची.

ईपब (ई-पुस्तकाची फाइल) इथून घेऊच नये. ती यंत्राने वाचलेल्या अक्षरांवरून आपोआप तयार होते, कोणी तपासलेली नसते. अठराव्या शतकातल्या छपाईत तर वेगळीच गंमत आहे. तेव्हा शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये ‘एस’ लांब आकाराचा छापत, आणि यंत्र त्याला ‘एफ’ समजतं. १७७६च्या स्मिथमध्ये ‘सोसायटी’ शोधून शून्य उत्तरं आली, तर ‘एस’च्या जागी ‘एफ’ टाकून बघायचं. भराभर सापडतात.

मराठी पुस्तकांची शोधाशोध हे इथलं सगळ्यात चिवट काम. जुन्या नोंदींमध्ये शीर्षकं रोमन लिपीत आणि मनाला येईल त्या स्पेलिंगने टाकलेली आहेत. देवनागरीत टाइप केलं तर पुस्तक असूनही दिसत नाही. एकाच नावाची तीन-चार रोमन रूपं करून बघावी लागतात: ‘आ’साठी एक ‘ए’ आणि दोन ‘ए’, ‘व’साठी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’, शेवटचा ‘अ’ लिहून आणि न लिहून. तरीही नाही सापडलं तर लेखकाचं फक्त आडनाव आणि भाषेचा फिल्टर मराठी. अनेक नोंदींवर ‘ही भाषा यंत्राला वाचता येत नाही’ अशा अर्थाचा शेरा अजून आहे. तो जुन्या सॉफ्टवेअरच्या काळातला, आणि अशा पुस्तकात आतला शब्द शोधता येत नाही, पानं उलटायची.

हक्क शाबूत असलेली पुस्तकं मोफत खातं उघडून तासाभरासाठी उसनी मिळतात, पण न्यायालयीन निकालानंतर त्यातली बरीच गेली. ऑक्टोबर २०२४च्या सायबर हल्ल्यात अख्खं संकेतस्थळ काही दिवस बंद होतं. लागणारी पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ठेवावी.

मराठी बाजू

महाराष्ट्र शासनाने छापलेले आंबेडकरांचे इंग्रजी खंड पीडीएफमध्ये मोफत मिळतात, परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही आहेत. अर्थशास्त्रावरचं लेखन सहाव्या खंडात आहे, ‘ॲनिहिलेशन’ पहिल्यात आणि बुद्ध की मार्क्स हा निबंध तिसऱ्यात. शासनाच्या आणि इतर मराठी पीडीएफमध्ये एक जुनं दुखणं आढळतं. पुस्तक युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेलं असेल तर डोळ्यांना मराठी दिसते, पण कॉपी केल्यावर रोमन अक्षरांचा चिवडा हाती येतो आणि शोध चालत नाही. पहिल्या पानावरचे दोन शब्द कॉपी करून पाहिले की लगेच कळतं.

मराठी विकिस्रोत अजून लहान आहे, पण पद्धत या सगळ्यांत प्रामाणिक आहे. डावी-उजवीकडे मजकूर आणि छापील पानाचं स्कॅन एकमेकांशेजारी. प्रत्येक पानाला रंग: लाल म्हणजे कोणी तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकाने तपासलं, हिरवं म्हणजे दुसऱ्याच माणसाने पुन्हा तपासलं. हिरव्या पानावरून बिनधास्त उचला, लाल पानावरून उचलताना स्कॅनशी ताडून घ्या.

शोधताना कुठला शब्द टाकायचा, हा प्रश्न मात्र कुठलंच ग्रंथालय सोडवून देत नाही. ‘पोलिटिकल इकॉनॉमी’ला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मराठीत पक्कं नाव नव्हतं. लोकहितवादींनी १८४९ला ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिलं. हरी केशवजींनी जेन मार्सेट यांच्या संवादरूप पुस्तकाचं भाषांतर १८५४ला केलं, त्याचं नाव ‘देशव्यवहारव्यवस्था’. पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ आलं. सर्चच्या चौकटीत ‘अर्थशास्त्र’ एवढंच टाकणाऱ्याला या तिघांपैकी फक्त शेवटचं दिसतं.